राखणीच्या कुत्र्याला शिकारी कुत्र्याचे चिलखत कशाला?

संपादक महोदय,

भुईमूग, मका, रताळी उकरणाऱ्या रानडुकरांच्या बातम्या आपल्या अंकात येतच असतात. डुकरांच्या सुळ्यांनी फाटलेल्या कुत्र्यांबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. अलीकडे राखणीच्या कुत्र्यांसाठी ऑनलाइन जाकिटे आणि रुंद पट्टे मागवण्याकडे कल दिसतो. कुत्र्याची काळजी वाटते हे चांगलेच, पण निवड बहुतेक वेळा फोटो बघून होते आणि तिथेच फसते. पशुवैद्यक आणि चामड्याचे कारागीर अशा दोन्ही बाजूंनी या विषयाशी रोजचा संबंध असल्याने हे पत्र.

ही जाकिटे मुळात अमेरिकेतल्या टेक्सास, लुईझियाना, जॉर्जिया अशा राज्यांतल्या डुक्करशिकारीसाठी बनतात. तिथली डुकरे म्हणजे स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकापासून नेलेल्या पाळीव डुकरांची रानटी झालेली प्रजा, त्यात पुढे युरोपातून आणलेल्या रानडुकरांचे रक्त मिसळले. तिथे ती उपरी आणि उपद्रवी मानली जातात, त्यामुळे कुत्री घेऊन त्यांची शिकार चालते. या शिकारीत कुत्री दोन प्रकारची असतात. कॅटाहुला, ब्लॅक माउथ कर या जातींची कुत्री डुक्कर हुडकतात आणि अंतर राखून भुंकत त्याला जागच्या जागी थोपवतात. त्यानंतर पिटबुल किंवा अमेरिकन बुलडॉग सोडतात, तो डुकराचा कान धरून लोंबकळतो. पहिल्या कुत्र्याच्या गळ्यात रुंद पट्टा असतो, अंगावर बहुधा काहीच नसते किंवा हलकेसे जाकीट असते. नरड्यापासून पोटापर्यंत जाड चिलखत असते ते दुसऱ्याला, कारण त्याला काही मिनिटे डुकराच्या अंगाला अंग भिडवायचे असते. तोवर त्याला दोरीला धरून ताजातवाना ठेवलेला असतो. जाहिरातीत फोटो असतो तो या दुसऱ्याचा.

आपले गावठी कुत्रे पहिल्या जातकुळीचे. लांबून भुंकायचे, डुक्कर वळले की उडी मारून बाजूला व्हायचे. चपळाई हेच त्याचे चिलखत. त्यावर दीड-दोन किलोचे जाड जाकीट चढवले की उडी अर्ध्या हाताने कमी पडते आणि जखम जाकिटामुळेच होते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: आधी चांगला रुंद पट्टा, गरज असेल तर छातीपुरते हलके जाकीट, पूर्ण चिलखत नकोच. आणि कुत्रे डुकरावर सोडायचे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत सापळा लावणे, विष घालणे यांच्याबरोबर हाकणेही येते. पट्टा आहे म्हणून पाठलाग करवला तर गुन्हा अंगाशी येईल.

सुळ्याचे काम समजले की पट्टा कसा हवा ते आपोआप कळते. नराचे वरचे आखूड सुळे खालच्या सुळ्यांवर सतत घासतात, त्यामुळे खालच्यांना पटाशीसारखी धार राहते. डुक्कर मान खाली घालून घुसते आणि झटक्याने वर उचलते. वार खालून वर येतो: गळा, छातीची पुढची बाजू, काख, पुढच्या पायाची आतली बाजू, मग पोट आणि कूस. पाठीवर जखमा कमीच. तरीही बाजारातल्या कित्येक जाकिटांत सगळ्यात जाड थर पाठीवर आणि काखेत नुसती जाळी, असा उलटा कारभार असतो.

पट्ट्याची रुंदी मापून ठरवावी. कुत्रे मान खाली घालून पाणी पीत असताना जबड्याच्या मागच्या कोपऱ्यापासून खांद्याच्या टोकापर्यंत टेप धरा. जेवढे इंच भरतील त्यातून एक इंच वजा करा, ती झाली जास्तीत जास्त रुंदी. मध्यम गावठी कुत्र्याला साधारण तीन ते चार इंचांचा पट्टा बसतो. दोन इंची पट्ट्याने नरड्यातल्या शिरा झाकल्या जात नाहीत, आणि पाच इंची घातला तर कुत्र्याला जमीन हुंगता येत नाही, जबड्याखाली कातडी सोलवटते. घेर मानेच्या मध्यावर आणि खांद्याजवळ असा दोनदा मोजावा, कारण मान खाली रुंद होत जाते. सरळ पट्टीचा पट्टा अशा मानेवर वरच्या कडेला सैल राहतो, आणि सुळा नेमका त्या फटीत घुसतो. थोडा कमानदार कापलेला पट्टा बरा. आत दोन बोटे आडवी जावीत, तिसरे जाऊ नये.

कापडाबाबत दुकानदार 'डेनियर' हा शब्द फेकतात. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके त्याचे डेनियर, एवढाच त्याचा अर्थ. दप्तरांचे कापड बहुधा ६०० डेनियर पॉलिएस्टरचे असते, ते इथे कामाचे नाही. बाहेरून १००० डेनियर नायलॉन आणि आत घट्ट विणीचे दोन-तीन थर असावेत. केव्हलर (बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात तो चिवट कृत्रिम धागा) लिहिले आहे म्हणून हुरळून जाऊ नये. केव्हलर कापण्याला दाद देत नाही, पण सैल विणीतून टोकदार वस्तू धागे बाजूला सारून आत शिरते. पारख सोपी आहे: मोच्याची आरी घेऊन पट्टा लाकडावर ठेवा आणि तळहाताने दाबा. आरी सहज आरपार गेली तर सुळाही जाईल. केव्हलर उन्हाने कमजोर होते, त्यामुळे असा पट्टा धुऊन सावलीतच वाळवावा आणि ब्लीच लावू नये.

पट्टे मधोमध सहसा फाटत नाहीत, शिवणीत उसवतात. कडेची शिवण उघडी असेल तर सुळा पहिला दोरा तोडतो आणि थर एकेक करून सुटतात. कड दुमडून वर पट्टी लावलेली, दोन ओळींची शिवण हवी. कडी जिथे बसते तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिलाई बघावी. प्लास्टिकचे चटकन उघडणारे बक्कल झटापटीत फुटते, लोखंडी रिव्हेट पावसाळ्यात गंजून कापड खाते. पितळी रिव्हेट, दोन काट्यांचे बक्कल, आणि बक्कल मानेवर, नरड्याखाली नव्हे. वेल्क्रोच्या वाटेला जाऊ नये. कुसळे आणि गोखरू त्यात असे भरतात की एका हंगामात तो चिकटायचा बंद होतो.

छातीचे जाकीट घ्यायचेच तर उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, पूर्ण झाकणारे, पुढच्या दोन पायांमधून मागे जाऊन शेवटच्या बरगडीपाशी संपणारे घ्यावे. नराला पोटाचा भाग लघवीच्या जागेच्या किमान दोन इंच अलीकडे संपला पाहिजे, नाहीतर कापड कायम ओले राहून कातडी सडते. कोपराला एक ते दीड इंच मोकळीक हवी. विकत घेतल्यावर जाकीट बादलीत पाच मिनिटे बुडवा, दहा मिनिटे निथळू द्या आणि वजन करा. आत स्पंज असेल तर काटा कुठल्या कुठे जातो. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात ते कुत्र्याने पाठीवर वाहायचे.

उन्हाचा धोका तर सुळ्यापेक्षा मोठा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर काढते. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०६ च्या पुढे जिवावर बेतते. जाकीट रात्री, थंड हवेत आणि तास-दोन तासांपुरतेच. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ चिकट झाली, चाल लटपटली की आधी जाकीट काढा, मग साधे गार पाणी अंगभर ओता आणि वारा घाला. तापमान १०३ वर आले की पाणी थांबवा, नाहीतर उलट अंग गार पडते.

बिबट्याचा मामला निराळा. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याची छायाचित्रे २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वांनी पाहिली. ती युक्ती मेंढपाळांच्या कुत्र्यांची. बिबट्या नरडे धरतो, म्हणून तिथे खिळे कामाचे. डुकरापुढे खिळ्यांचा उपयोग नाही, वर ते कुंपणाच्या तारेत अडकतात आणि सोबतच्या कुत्र्याला लागतात. बिबट्यासाठी खिळ्यांचा पट्टा करायचाच तर खिळ्यांची डोकी आतून मऊ चामड्याच्या अस्तराने झाकलीच पाहिजेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन मेंढपाळही हे अस्तर लावत, आपल्याकडच्या तयार पट्ट्यांत ते गायब असते. साखळी त्याच पट्ट्याला लावू नये, ताणात पट्टा फिरतो आणि खिळे एका बाजूला गोळा होतात. अर्थात साखळीला बांधलेले कुत्रे बिबट्यापुढे पट्ट्यासकट हतबलच असते. रात्री त्याची जागा बंदिस्त जाळीत.

शेवटी जखमांबद्दल. जाकीट काढल्याशिवाय 'काही लागले नाही' असे म्हणू नये. केस उलटे सारून काख आणि जांघ बघावी, हाताला गोचीड आणि कुसळेही लागतील. सुळ्याचे छिद्र बाहेरून हरभऱ्याएवढे आणि आत मूठभर पोकळी, असे सर्रास असते. वरून टाके घालून तोंड बंद केले की आत पू होतो, म्हणून घरगुती टाके, हळद, चुना, राख यांतले काहीही नको. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने जखम भरपूर धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. छातीच्या जखमेतून श्वासाबरोबर हवा येत-जात असेल तर त्यावर स्वच्छ प्लास्टिक दाबून धरून तडक निघावे. आतडे बाहेर आले असल्यास आत ढकलू नये, त्याच मिठाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्यात धरावे. रेबीजची लस दरवर्षी टोचलेली हवी, आणि कुत्र्याची जखम उघड्या हाताने धुणाऱ्याने आपल्या हातावरचे ओरखडे आधी बघावेत.

आपले,
एक पशुवैद्यक आणि एक चर्मकार,
ता. पाटण, जि. सातारा