आपल्या जनावरांच्या डॉक्टरांसाठी मदतीचे आवाहन

माण तालुक्यातील पशुपालक बंधू-भगिनींनो, आणि गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर पांगलेल्या माणदेशी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्यातले दोघे त्या गोठ्यात हजर होते. जर्सी गाय आदल्या दिवशी व्याली होती, सकाळी बसली ती उठेचना. मान कुशीत घातलेली, कान गार. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली लावली. ही बाटली घाईने चढवली तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून एका हातात बाटली आणि दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप गाईच्या कोपरामागे टेकवलेला, असे ते शेणात गुडघे टेकून बसले होते. अर्धी बाटली जायच्या आत ठोके थांबले. मालक ओरडला, "सुई दिली आन् माझी गाय मारली!" पोरांनी मोबाईल काढले. डॉक्टर काही बोलले नाहीत. बादलीपाशी जाऊन हात धूत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धूतच होते.

पहाटे दुसऱ्याच कुणाकडून त्या गाईला कॅल्शियमच्या दोन बाटल्या देऊन झाल्या होत्या, हे संध्याकाळी कळलं. डॉक्टरांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

मालकाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. कर्ज काढून घेतलेली गाय डोळ्यांदेखत गेली तर कुणाच्याही तोंडून काहीही निघेल. पण तासाभरात तेच डॉक्टर पुढच्या वाडीत मेंढरं बघायला गेले, आणि रात्री घरी. घरी जाऊन ते कुणाशी काय बोलले असतील, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

२०२२ साली जनावरांवर लंपी रोग आला तेव्हा तर आपण सगळ्यांनी पाहिलं. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात सुरुवात झाली आणि बघता बघता आपल्या दावणीपर्यंत पोचला. हीच माणसं शेळ्यांच्या देवीची लस घेऊन गोठ्यागोठ्यात फिरत होती. अंगभर गाठी, पाय सुजलेले, वासरं उभी राहीनात. जे जनावर वाचवता आलं नाही, त्याचाच पंचनामा डॉक्टरला करावा लागे. कारण त्या कागदाशिवाय मालकाला दुभत्या गाईचे ३०,००० किंवा बैलाचे २५,००० मिळत नव्हते. जेसीबीने खड्डा घेतलेला, चुना पडलेला, आणि काठावर उभं राहून ज्याच्या इलाजाला यश आलं नाही तोच सही करतोय. एका डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की, त्या वर्षानंतर कितीतरी महिने फोन वाजला की पोटात गोळा यायचा. मग सवय झाली, म्हणाले. सवय झाली म्हणजे नक्की काय झालं, हे आम्ही विचारलं नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यकांच्या मृत्यूंची नोंद त्यात तपासली होती. आत्महत्येचं प्रमाण तिथल्या सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत पुरुष डॉक्टरांमध्ये सुमारे दुप्पट, स्त्रियांमध्ये साडेतीनपट निघालं. तिकडे कुत्र्या-मांजरांना दयामरण वारंवार द्यावं लागतं, त्याचा मनावर भार येतो असं म्हणतात. आपल्याकडे दुखणं उलटं आहे. कंबर मोडलेली गाय पंधरा-पंधरा दिवस कुशी बदलत पडून राहते, अंगाला जखमा होतात. मालक दयामरण देऊ देत नाही आणि डॉक्टरही धजत नाही. रोज जाऊन सलाईन लावायचं आणि रोज तेच डोळे बघायचे. त्यात अडलेल्या गाईच्या पोटात तासभर हात घालून बधिर झालेला खांदा, जार काढताना ब्रुसेलाची (जनावरापासून माणसाला होणाऱ्या रोगाची) धास्ती, चारा न खाणाऱ्या म्हशीच्या तोंडात हात घातल्यावर ती पिसाळलेली निघाली तर स्वतःला टोचून घ्यायच्या पाच सुया. आणि हे सगळं झाल्यावर जनावरांच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यांची नोंद मोबाईलवर भरायची असते, ती वेगळीच.

नव्याने रुजू होणाऱ्या मुलींचं तर विचारूच नका. "बाई काय गाय बघणार" हे पहिलं वाक्य त्या रोज ऐकतात. अडलेली गाय सुखरूप व्याली की मग चहा येतो.

म्हणून तालुक्यातल्या काही दूध संस्थांचे सचिव, पशुपालक आणि दोन निवृत्त पशुवैद्यक असे आम्ही एकत्र बसलो आणि एका वर्षापुरतं काम ठरवलं.

महिन्यातून एकदा साताऱ्याहून समुपदेशक दहिवडीला येतील. सरकारी, खासगी, पशुधन पर्यवेक्षक, परिचर, कुणीही जाऊन बोलावं. कोण गेलं, काय बोललं हे आम्हाला कळणार नाही. बिलावर फक्त तारीख असेल. मानधन आणि प्रवास धरून एका भेटीचे ३,५०० रुपये. दुसरं, आठवड्यातल्या दोन रात्री नोंदणी चालू असलेले निवृत्त डॉक्टर फोन घेतील, म्हणजे बाकीच्यांना फोन बंद करून झोपता येईल. एका रात्रीचे १,५०० रुपये. आमच्या मते सगळ्यात जास्त गुण याचाच येईल, कारण झोप नसलेल्या माणसाला समुपदेशन करून काय उपयोग? तिसरं, पाच गावांत लोखंडी खोडे. खोड्यात धरलेल्या जनावराची लाथ सहसा लागत नाही, आणि डॉक्टरचं निम्मं भय तिथेच जातं. एक खोडा वेल्डिंगसह २५,००० रुपये. एकूण हिशेब वर्षाला ३,२३,००० रुपयांचा होतो.

पैसे नसतील तर पाइप द्या, सिमेंट द्या, खोड्याला रस्त्याकडेची जागा द्या. गलाईवाल्या मंडळींनी एकेका गावचा खोडा उचलला तर आमचं ओझं बरंच हलकं होईल. हो, त्या जर्सीच्या मालकाकडे वर्गणी मागायला आम्ही अजून गेलेलो नाही. धीर होत नाही.

आणि बिनपैशाचं एक मागणं. डॉक्टर येण्याआधी जनावराला कुणी काय टोचलं, काय पाजलं ते लाजू नका, सांगा. सकाळपासून आजारी असलेल्या गाईसाठी रात्री दोनला फोन करू नका. आणि गोठ्यात जनावर गेलं तर मोबाईल खिशात राहू द्या.

डॉक्टरांनो, आमची सोय सुरू होईपर्यंत थांबू नका. मनावरचा ताण बोलून दाखवायला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

वर्गणी आपल्या गावच्या दूध संस्थेत, सकाळच्या संकलनाच्या वेळी सचिवांकडे द्यावी. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पगारातून किंवा दुधाच्या बिलातून कापून घ्यायचे असतील तर तसं लिहून द्यावं, सक्ती कुणावरही नाही. जमाखर्च दर तीन महिन्यांनी संकलन केंद्राच्या फलकावर लावला जाईल.

आपले,
तालुक्यातील दूध संस्था, पशुपालक आणि निवृत्त पशुवैद्यक