मोत्यांच्या वेलीच्या कुंडीवर एक चिठ्ठी तरी लावा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आमच्या दोन वर्षांच्या नातवाने गॅलरीतल्या टांगत्या कुंडीतले हिरवे मणी तोडले आणि मटार मटार म्हणत थेट तोंडात टाकले. नशीब सूनबाई तिथेच होती, तिने लगेच बाहेर काढले. स्ट्रिंग ऑफ पर्ल्स म्हणून जी वेल हल्ली नर्सरीत सगळीकडे लटकवलेली असते ना, तीच ही. पोटात गेली तर उलट्या जुलाब होतात, कुत्र्या-मांजरांनाही त्रास होतो, चीक लागून काहींच्या अंगावर पुरळ येतं. विकताना हे कोणी सांगितलं नाही, रोज पाणी घाला एवढंच सांगितलं आणि तेही चुकीचंच, त्या पाण्याने माझी पहिली वेल मुळापासून कुजली होती.

ही मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपची. तिथे ती लटकत नाही हो, झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला जमिनीवर पसरते आणि जिथे टेकेल तिथे मुळं धरते. पाऊस कमी, म्हणून पानंच गोल मणी झालीत, पाणी साठवायला जागा जास्त आणि उन्हाला तोंड कमी. प्रत्येक मण्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते, त्यातून उजेड आत जातो, बारकाईने बघा एकदा. १९६८ मध्ये गॉर्डन राउली या ब्रिटिश अभ्यासकाच्या नावावरून तिला सेनेसिओ राउलियानस नाव मिळालं, आता क्युरिओ म्हणतात. आणि कूळ कुठलं, तर आपल्या झेंडू-शेवंतीचं! मला पटलं नव्हतं पण पांढरी ब्रशसारखी फुलं आली आणि दालचिनीचा वास सुटला तेव्हा तासभर तिथेच बसून होते.

इतकी गुणी वेल आहे, लोकांनी घाबरून टाकून देऊ नये असंच मला वाटतं. पण नर्सरीवाल्यांनी कुंडीवर मराठीत दोन ओळी लावाव्यात, तोंडात घालू नये आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावं. तुमच्या बागकामाच्या पानावरही पावसाळ्याआधी हे जरूर छापा, कारण आमच्याकडे जून ते सप्टेंबर ती कुंडी शेडखाली कोरडी ठेवावी लागते.

आमची कुंडी आता वरच्या हुकाला गेलीय. लोंबणाऱ्या माळा कापून दुसऱ्या कुंडीत मातीवर आडव्या टाकल्यात, दोन ठिकाणी मुळं धरलीत.

– एक आजी, डोंबिवली