बाबासाहेबांच्या लंडनमधल्या घराविषयी सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र शासन

सविनय जय भीम.

लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं, याचा मला अभिमान आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिले, हे भिंतीवरची निळी पाटी सांगते. माझी मागणी एवढीच, की त्या वास्तूलाही बोलू द्या.

ही वस्ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात ईटन कॉलेज या जुन्या इंग्रजी शाळेच्या जमिनीवर उभी राहिली. ईटनचा संस्थापक इंग्लंडचा राजा सहावा हेन्री, म्हणून रस्त्यालाही त्याचं नाव. तेव्हाची अशी उंच, अरुंद, शेजाऱ्याशी भिंत सामाईक असलेली घरं सधन कुटुंबांसाठी बांधली जात. तळघरात स्वयंपाक, मधे दिवाणखाना, वर निजायच्या खोल्या आणि अगदी माथ्यावर नोकर. पुढे नोकर ठेवणं परवडेना, तशी लंडनमधली कितीतरी घरं खोली-खोलीने भाड्याने जाऊ लागली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकणाऱ्या, पै-पै मोजणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आसरा मिळाला तो अशाच खोल्यांतून. बाबासाहेबांचे चरित्रकार त्या दिवसांतला नाश्ता सांगतात: घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, थोडा मासा, कपभर बोव्हरिल, म्हणजे मांसाच्या अर्काचं गरम पेय. आणि रात्री अभ्यास करताना भूक अनावर झाली की भाजलेला पापड. श्रीमंतांसाठी रचलेल्या शहरात अर्धपोटी बसून रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा माणूस समजायचा, तर ते जिने आणि त्या खोल्याही समजायला हव्यात.

म्हणून त्या घराचा मजलावार नकाशा मराठीत आणि इंग्रजीत तिथे लावा. कोणत्या मजल्यावर आधी कोण राहत असे, पुढे काय बदललं, हे पाहणाऱ्याला कळू द्या.

दुसरं डागडुजीचं. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते; आपल्याकडच्या वाड्यांचं असं नुकसान आपण पाहिलं आहे. तिथलं काम जुन्या घरांची जाण असलेल्या कारागिरांकडेच द्या. राहती जागा कमी होते म्हणून तिथल्या स्थानिक पालिकेने, कॅम्डेन कौन्सिलने, २०१८ मध्ये संग्रहालयाला परवानगी नाकारली होती. शेजाऱ्यांच्याही तक्रारी होत्या. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने मंजुरी दिली. इतक्या झगड्यानंतर टिकलेल्या वास्तूची हेळसांड होता कामा नये.

देखभालीसाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद करा आणि वास्तूच्या स्थितीचा अहवाल विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक