मॅटवर उतरणाऱ्यांना संघटनेत मत हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत मंजूर झाले, तेव्हा चर्चेचा बहुतेक भर क्रिकेट नियामक मंडळ त्याच्या कक्षेत येणार की नाही यावरच राहिला. ज्युदो, कराटे, तायक्वांदो, कुस्ती या खेळांतील मुलामुलींच्या पालकांना या कायद्याकडून काय हवे आहे, याबद्दल फारसे कोणी लिहिले नाही. माझी मुलगी ज्युदो खेळते. हे पत्र त्या पालकांच्या बाजूने लिहीत आहे.

या खेळांच्या राष्ट्रीय संघटनांची गेल्या काही वर्षांतील अवस्था सर्वांसमोर आहे. अंतर्गत वाद चिघळल्यानंतर जागतिक कराटे महासंघाने 2020 मध्ये भारतीय कराटे संघटनेची संलग्नता काढून घेतली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेला प्रथमच स्थान मिळाले होते, त्याच सुमारास हे घडले. ज्युदो महासंघाचा कारभार 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला प्रशासक नेमून निवृत्त न्यायमूर्तींकडे सोपवावा लागला. कुस्ती महासंघाने मुदतीत निवडणूक घेतली नाही म्हणून जागतिक कुस्ती संघटनेने 23 ऑगस्ट 2023 रोजी त्याला निलंबित केले आणि पुढच्याच महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपल्या मल्लांना तिरंग्याविना, तटस्थ खेळाडू म्हणून उतरावे लागले. अंतिम पंघाल या महिला मल्लाने तेथे 53 किलो गटात कांस्यपदक मिळवले आणि पॅरिस ऑलिम्पिकची पात्रताही मिळवली. जेमतेम एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने निवडणूक लांबवली नव्हती, तरीही शिक्षा तिलाच भोगावी लागली.

अंतिमची बातमी सर्वांनी वाचली. तालुक्याच्या गावातल्या मुलांची बातमी होत नाही. मुलीच्या प्रशिक्षण वर्गातील एका मुलाकडे राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र होते. जाड कागद, सोनेरी किनार, वर दोन बोधचिन्हे, खाली अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या. शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी ते पडताळणीला दिले, तेव्हा स्पर्धा भरवणारी संघटना त्या वर्षी मान्यताप्राप्त नव्हती, असे उत्तर आले. त्याच खेळाची दुसरी संघटना मान्यताप्राप्त होती, पण त्या मुलाच्या प्रशिक्षकांना त्याची कल्पना नव्हती, किंवा असूनही त्यांनी ती पालकांना दिली नव्हती. प्रवेश शुल्क, प्रवासखर्च, बेल्टच्या परीक्षांचे पैसे हे सारे त्या कुटुंबाने शेतीच्या उत्पन्नातून भरले होते. नुकसान भरून देण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही.

असे पुन्हा पुन्हा का घडते, याचे मूळ मतदारयादीत आहे, असे मला वाटते. राष्ट्रीय संघटनेचे पदाधिकारी राज्य संघटनांच्या प्रतिनिधींनी निवडायचे, राज्याचे पदाधिकारी जिल्हा संघटनांच्या प्रतिनिधींनी, आणि जिल्हा संघटना अनेकदा एकाच घराच्या पत्त्यावर नोंदलेल्या. ज्याच्या हाती संलग्नता देण्या-काढण्याचा अधिकार, त्याच्या हाती मते. म्हणून निवडणूक जवळ आली की जुन्या जिल्हा संघटनेची संलग्नता जाते, नवी उभी राहते, जुनी न्यायालयात जाते आणि दोघीही स्पर्धा भरवत राहतात. डिसेंबर 2023 मध्ये कुस्ती महासंघाची निवडणूक झाली तेव्हा अध्यक्षपदासाठी 47 मते पडली आणि त्यांपैकी 40 विजयी उमेदवाराला मिळाली. देशातील हजारो मल्लांच्या भवितव्याचा निर्णय 47 जणांनी घेतला. त्याच दिवशी निषेध म्हणून साक्षी मलिकने पत्रकारांसमोर आपले बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. ऑलिम्पिक पदक मिळवलेल्या स्त्रीलाही आपले म्हणणे मतपेटीतून मांडण्याची सोय त्या रचनेत नव्हती, हे मला त्या प्रसंगातले सर्वांत गंभीर वास्तव वाटते.

नव्या कायद्याने काही गोष्टी निश्चितच चांगल्या केल्या आहेत. कार्यकारिणीत पंधरापेक्षा अधिक सदस्य नसावेत, त्यांत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू असावेत, तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे आणि निवडणुकांवर देखरेखीसाठी पॅनेल असावे, या तरतुदींचे मी मनापासून स्वागत करते. न्यायाधिकरणाने वाद लवकर निकाली काढले, तर एखाद्या मुलाची वयोगटातील दोन वर्षे तरी वाचतील. सब-ज्युनिअर गटात दोन वर्षे म्हणजे जवळजवळ सारी कारकीर्दच असते. परंतु माहिती अधिकाराची तरतूद संसदेत अखेरच्या टप्प्यात आक्रसली आणि ती शासकीय निधी किंवा साहाय्य घेणाऱ्या संस्थांपुरती राहिली, याचा मला खेद वाटतो. गरीब पालकांच्या खिशातून गोळा होणाऱ्या शुल्कावर चालणाऱ्या संघटनेने पालकांना हिशेब द्यावा, यासाठी शासनाचा पैसा तिच्या खात्यात असण्याची अट कशाला हवी?

पंधरांत दोन खेळाडू हेही अपुरे आहे. नोंदणीकृत, अठरा वर्षे पूर्ण केलेल्या आणि राज्य स्पर्धा खेळलेल्या खेळाडूंचे प्रतिनिधी थेट निवडणुकीने यावेत आणि राज्य संघटनेच्या मतदारयादीत त्यांचा वाटा किमान एक चतुर्थांश असावा, असे मला वाटते. खेळाडूंना प्रशासन कळत नाही, हा नेहमीचा आक्षेप मला पटत नाही. वजनगट, ड्रॉ, पंचांची नेमणूक, निवासव्यवस्था यांतले दोष सर्वांआधी खेळाडूंनाच दिसतात. शिवाय छळाची तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तोच निवड समितीत बसलेला असेल, तर सोळा वर्षांची मुलगी कोणाकडे जाईल? जानेवारी 2023 मध्ये महिला मल्लांच्या छळाच्या तक्रारी घेऊन मल्लांना दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले, कारण संघटनेच्या आत त्यांना ऐकून घेणारे कोणी उरले नव्हते.

केंद्राची वाट न पाहता राज्य शासनालाही एक काम तातडीने करता येईल. प्रत्येक खेळाची कोणती राज्य संघटना आणि कोणती जिल्हा संघटना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मान्यताप्राप्त आहे, याची यादी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने दर तीन महिन्यांनी जाहीर करावी, कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावावी आणि शाळांना पाठवावी. मान्यतेबाबत वाद सुरू असलेल्या काळात मुलांनी प्रामाणिकपणे खेळलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रे सरसकट नाकारू नयेत; सहभागी संघ, पंच आणि निकालपत्रके तपासून ती ग्राह्य धरण्याचा मार्ग शासन निर्णयाने खुला करावा. नव्या शैक्षणिक वर्षाच्या शालेय स्पर्धा सुरू होण्यापूर्वी हे झाले, तर यंदा बेल्ट बांधून मॅटवर उतरणाऱ्या मुलांना त्याचा लाभ मिळेल.

आपली विश्वासू,
एका ज्युदोपटूची आई, जि. नाशिक