सिडनीतल्या शाळेचा अर्ज भरण्याआधी

चि. रोझलिन,
अनेक आशीर्वाद.

छोटीसाठी शाळा बघताना तू विचारलंस की तिथलं सरकार कॅथलिक शाळांना पैसे का देतं, आणि देतं तर मग फी कशाची. याचं उत्तर त्या देशाच्या इतिहासात आहे, आणि तो वसईच्या चष्म्यातून पाहू नकोस. आपल्याकडे 1534 नंतर पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने चर्चेस उभी राहिली. ऑस्ट्रेलियात कॅथलिक श्रद्धा पोचली ती बहुतांशी आयरिश कैद्यांबरोबर, आणि राज्य होतं इंग्रज प्रॉटेस्टंटांचं. 1788 च्या पहिल्या जहाजांवर कॅथलिक कैदी होते, फादर एकही नव्हता.

पहिली अधिकृत मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) झाली 15 मे 1803 ला, सिडनीत. अर्पण करणारे फादर जेम्स डिक्सन स्वतःच कैदी होते. 1798 च्या आयरिश बंडात सामील असल्याच्या आरोपावरून त्यांना तिकडे धाडलं होतं. गव्हर्नर किंगने परवानगी दिली, पण अटी घालून: मिस्सा नेमल्या जागीच, सकाळी नऊला, आसपास पोलीस उभे, आणि लोकांच्या वागणुकीला फादर जबाबदार. मिस्सेतला प्याला कथिलाचा होता आणि झगे जुन्या पडद्यांच्या कापडाचे, असं सांगतात. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये कॅसल हिलला आयरिश कैद्यांनी उठाव केला. डिक्सननी त्यांना शरण येण्याची विनवणी केली होती, तरीही परवानगी गेली. 1817 मध्ये फादर ओफ्लिन सरकारी मंजुरीशिवाय आले, त्यांनाही काही महिन्यांत परत पाठवलं. या सगळ्या काळात घराघरांत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालू ठेवली ती सामान्य माणसांनी. माझ्या मते तिथल्या चर्चचा खरा पाया तोच. 1820 ला थेरी आणि कॉनली हे सरकारमान्य फादर आले, आणि 1821 ला सिडनीतल्या सेंट मेरीज चर्चची कोनशिला बसली, तीही गव्हर्नर मॅक्वारीच्या हस्ते.

आता पैशाकडे येतो. 1836 ला गव्हर्नर बर्कच्या कायद्याने अँग्लिकन, कॅथलिक आणि प्रेस्बिटेरियन यांना एकाच मापाने मदत मिळू लागली. चर्च बांधायला लोकांनी किमान 300 पौंड जमवले की सरकार तेवढीच भर घालायचं, कमाल 1,000 पौंडांपर्यंत. धर्मगुरूचा पगार लोकसंख्येवर ठरे: 100 प्रौढ असतील तर वर्षाला 100 पौंड, 200 असतील तर 150, 500 असतील तर 200. आयरिश मजुरांच्या वर्गणीवर उभ्या राहणाऱ्या समाजाला याचा फार आधार झाला.

शाळांचं मात्र उलट झालं. न्यू साउथ वेल्समध्ये 1880 च्या शिक्षण कायद्याने चर्चच्या शाळांचं अनुदान 1882 अखेर बंद केलं. बिशपांनी शाळा मिटल्या नाहीत. आयर्लंड आणि युरोपातून सिस्टर व ब्रदर आणले, जे जवळजवळ बिनपगारी शिकवत. स्थानिक मुलींमधून उभा राहिलेला सिस्टरांचा संघ होता मेरी मॅकिलॉपचा, 1866 ला पेनोला गावातल्या एका जुन्या तबेल्यात सुरू झालेला. संघाचा कारभार स्थानिक बिशपच्या हाती न देता मध्यवर्ती ठेवण्यावरून वाद पेटला आणि 1871 ला अ‍ॅडलेडच्या बिशपने तिला बहिष्कृत केलं. पुढच्या फेब्रुवारीत त्यानेच तो निर्णय मागे घेतला. 2010 मध्ये ती देशाची पहिली संत झाली. तिची कबर नॉर्थ सिडनीत माउंट स्ट्रीटच्या चॅपलमध्ये आहे. छोटीला घेऊन जाच.

बिनपगारी हातांवरची ही व्यवस्था दुसऱ्या महायुद्धानंतर कोलमडू लागली. युरोपातून निर्वासित कुटुंबं आली, मुलं वाढली, त्या मानाने सिस्टर वाढल्या नाहीत, आणि प्रापंचिक शिक्षकांना पगार द्यावाच लागतो. 1962 ला न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्न गावात ठिणगी पडली ती संडासांवरून. आरोग्य खात्याने एका कॅथलिक शाळेला तीन जादा संडास बांधायला सांगितले, आणि पैसे नव्हते. मग गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळा बंद करून पालकांनी सुमारे 2,000 मुलं सरकारी शाळांच्या दारात उभी केली. जागा मिळाली जेमतेम सहाशेच्या वर मुलांना. आठवडाभरात आंदोलन थांबलं, पण सरकार हा भार आपल्या शाळांवर घेऊ शकत नाही हे सगळ्यांना दिसलं. 1963 च्या निवडणुकीत पंतप्रधान मेन्झीसने खासगी शाळांनाही विज्ञान प्रयोगशाळांसाठी निधी कबूल केला, 1974 पासून गरजेनुसार नियमित अनुदान आलं, आणि 1981 ला तिथल्या हायकोर्टाने (तेच देशाचं सर्वोच्च न्यायालय) ते सहा विरुद्ध एक मतांनी वैध ठरवलं. अनुदान सगळा खर्च भागवत नाही, म्हणून फी.

यातली काळी बाजूही तुला माहीत हवी. आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून मिशनच्या वसतिगृहांत ठेवलं गेलं. 2013 ते 2017 च्या राष्ट्रीय चौकशी आयोगापुढे चर्चच्या संस्थांतल्या बाल लैंगिक अत्याचारांच्या असंख्य तक्रारी आल्या, आणि अनेक बिशपांनी त्या दडपल्याचंही उघड झालं. म्हणून शाळेची बालसुरक्षा नियमावली मागून घे, पूर्ण वाच, आणि तक्रार कुणाकडे करायची ते मुलाखतीतच विचार. संकोच करू नकोस.

अर्जाला छोटीचा जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा, लसीकरणाची नोंद आणि बाप्तिस्म्याचा दाखला लागेल. बऱ्याच शाळा तिथल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांची सहीही मागतात, तेव्हा आधी त्यांना भेट. घोळ होतो तो नावाच्या स्पेलिंगात: आपल्या चर्चच्या नोंदवहीत एक आणि पासपोर्टवर दुसरं. पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठव, म्हणजे इथल्या ऑफिसात दोन्ही ताडून शिक्क्याचा दाखला घेतो आणि कुरियर करतो.

तुझा,
पप्पा