रिकाम्या टाकीचा धनी कोण?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जर्मनीतील कौटुंबिक उद्योगांविषयीच्या लेखात मोटार शर्यतपटू व उद्योजक उडो श्युट्स यांचे नाव वाचून आनंद झाला. मात्र त्यांच्या वाट्याला आलेल्या मजकुरातील बहुतेक भाग मोटारींच्या शर्यतींनी व्यापला आणि ज्या धंद्यामुळे हे नाव जगभरातील रसायन कारखान्यांच्या गोदामांत पोचले, तो द्रवांच्या साठवणूक टाक्यांचा धंदा दोन ओळींत उरकला गेला. माझी नोकरी रासायनिक मालाच्या साठवणुकीत गेली, त्यामुळे ही उणीव मला अधिक जाणवली असावी.

शर्यतींचे यश खरेच मोठे आहे. 1967 मध्ये जो बुझेटा यांच्या जोडीने त्यांनी न्यूरबुर्गरिंगची 1000 किलोमीटरची शर्यत जिंकली आणि 1969 मध्ये गेर्हार्ड मिटर यांच्यासह सिसिलीतील डोंगराळ रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ. त्याच वर्षी फ्रान्समधील ल मॉंच्या शर्यतीत रात्री झालेल्या अपघातातून ते बचावले. ऑगस्टमध्ये मिटर सरावादरम्यान मरण पावले आणि श्युट्स यांनी शर्यती सोडल्या. तेव्हा ते 32 वर्षांचे होते आणि त्यांच्या कारखान्याला अकरा वर्षे झाली होती. म्हणजे कारखाना ही निवृत्तीनंतरची सोय नव्हती. स्टिअरिंग हाती होते त्या काळातही तो चालूच होता.

वेस्टरवाल्ड भागातील झेल्टर्स या आपल्या छोट्या गावात त्यांनी 1958 मध्ये हा उद्योग सुरू केला. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीत घरे उबदार ठेवण्यासाठी कोळशाऐवजी तेल वापरण्याकडे कल वाढत होता आणि ते तेल साठवायला तळघरात टाकी लागत होती. प्रथम अशा टाक्या, पुढे मोठ्या आकाराची प्लास्टिकची पात्रे फुगवून घडवण्याचे तंत्र, आणि सत्तरच्या दशकात त्यातूनच औद्योगिक द्रवांची वाहतूक करणारी टाकी, असा हा प्रवास आहे. कारखान्याचे मुख्यालय आजही झेल्टर्समध्येच आहे, हे मला विजयचषकांपेक्षा अधिक लक्षणीय वाटते.

ही टाकी आपल्याकडे ‘आयबीसी’ (इंटरमीडिएट बल्क कंटेनर) म्हणून ओळखली जाते. आत 1000 लिटरची पांढुरकी प्लास्टिकची टाकी, भोवती जस्त चढवलेल्या पोलादी नळ्यांचा पिंजरा, खाली फोर्कलिफ्टचे दात शिरतील असे पॅलेट, वर झाकण आणि तळाशी वॉल्व्ह, अशी तिची साधी रचना. पण 200 लिटरचे पाच ड्रम उचलणे, आडवे करणे, पंपाने उपसणे आणि त्यांच्या गोल आकारामुळे कंटेनरमधली जागा वाया घालवणे हे सारे या चौकोनी टाकीने वाचवले. ज्यांनी ड्रम हाताने गडगडत नेले आहेत, त्यांना या सोयीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

खरा प्रश्न टाकी रिकामी झाल्यावर सुरू होतो. पिंजरा टिकाऊ असतो. आतल्या पाच-सहा टाक्या बदलून होईपर्यंत तो चालतो. आतले प्लास्टिक मात्र रसायन शोषून घेते आणि पुढच्या मालासाठी भरवशाचे राहत नाही. श्युट्स कंपनीने यावर रिकाम्या टाक्या ग्राहकांकडून उचलून आणण्याची व्यवस्था उभारली. जुने प्लास्टिक काढून दळायचे, त्या जागी नवी टाकी बसवायची आणि तोच पिंजरा पुन्हा बाजारात धाडायचा. यात पर्यावरणाची काळजी होती तसा धंद्याचा हिशेबही होता, कारण परत आलेला प्रत्येक पिंजरा प्रतिस्पर्ध्याच्या हाती जात नव्हता.

हे मी तर्काने लिहीत नाही. ब्रिटनमध्ये डेल्टा नावाची एक कंपनी श्युट्सच्या जुन्या पिंजऱ्यांत वेरिट या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नव्या टाक्या बसवून विकत असे. त्यावर श्युट्स कंपनी वेरिटविरुद्ध न्यायालयात गेली. पिंजऱ्यात नवी टाकी बसवणे म्हणजे पेटंट असलेली वस्तू नव्याने ‘बनवणे’ आहे की जुनी दुरुस्त करणे, हा मुख्य मुद्दा होता. पहिल्या न्यायालयात वेरिट जिंकली, अपिलात श्युट्स जिंकली आणि मार्च 2013 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वेरिटच्या बाजूने कौल दिला. शोधाचे सार पिंजऱ्यात आहे, आतली टाकी ही झिजणारी आणि बदलली जाणारी वस्तू आहे, असा त्या निकालाचा रोख होता. मला हा निकाल योग्य वाटतो. विकलेल्या वस्तूवर उत्पादकाने कायमची मालकी सांगू नये. तरीही या भांडणाने एक गोष्ट दिसली, ती अशी की तिथे रिकाम्या टाकीसाठी दोन कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात, आणि आपल्याकडे तिला कोणी वालीच नसतो.

आपल्याकडील औद्योगिक वसाहतींच्या आसपास भंगारात निघालेल्या आयबीसी टाक्या रस्त्याकडेला उघड विकल्या जातात. शेतकरी त्या फवारणीच्या पाण्यासाठी किंवा जीवामृतासाठी नेतात, बांधकामावर त्या मजुरांच्या वापराचे पाणी साठवतात, आणि आत पूर्वी काय भरले होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. साबणाच्या पाण्याने दोनदा खळबळून घेतले की टाकी स्वच्छ झाली, हा समज तर सर्रास आहे. भिंतीत मुरलेले द्रावक त्याने निघत नाही. वास्तविक 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार घातक रसायनांनी दूषित झालेले रिकामे बॅरल आणि कंटेनर हे घातक कचऱ्यात मोडतात आणि ते अधिकृत परवानाधारकाकडेच द्यावे लागतात. नियम चांगला आहे, अंमलबजावणीबद्दल मी वेगळे लिहायला नको.

म्हणून एक विनंती आहे. लेखमालेच्या पुढील भागात या टाकीच्या पिंजऱ्यावर बसवलेल्या पत्र्याचे छायाचित्र अवश्य छापावे. घातक मालासाठी मान्यता असलेल्या टाकीवर ‘31HA1’ (३१एचए१) अशी खूण आणि उत्पादनाचा महिना व वर्ष कोरलेले असते; अशा मालासाठी प्लास्टिकच्या टाकीचा वापर साधारणपणे उत्पादनापासून पाच वर्षांपर्यंतच करता येतो. ही खूण आणि मालाचे जुने लेबल दिसले, किंवा लेबल मुद्दाम खरवडून काढल्याचे दिसले, तर ती टाकी पाण्यासाठी घेऊ नये, एवढे ठळक अक्षरांत छापले गेले तरी पुष्कळ होईल.

आपला नम्र,
रासायनिक साठवणूक क्षेत्रातील एक निवृत्त कर्मचारी, डोंबिवली