मकरपुऱ्याच्या लेथवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

स्पर्धेहून परतून आठ दिवस झाले. त्या रात्री फोन केला तेव्हा ओरडून ओरडून माझा घसा बसला होता, म्हणून "शाफ्ट टिकला, काका" एवढंच सांगून फोन ठेवला. राहिलेलं आता लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे. गेल्या तीन महिन्यांत ज्या ज्या वर्कशॉपच्या शेडच्या दारातून मी परत आले, त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर बरंच होईल.

तुम्हाला माहीत आहे, पण इतरांसाठी सांगते. मुंगूस हा आमचा 8 किलोचा लढाऊ रोबो. त्याच्या तोंडाशी एक पोलादी ड्रम फिरतो. ड्रमला दोन दात आहेत आणि समोरच्याला खालून उचलून भिरकावणं हे त्यांचं काम. ड्रम 90 मिलिमीटरचा, मिनिटाला 6000 फेरे. म्हणजे दाताचं टोक ताशी 100 किलोमीटरनं पळत असतं. वेग दुप्पट केला की टोल्यातली ऊर्जा चौपट होते, आणि ड्रमची एक बाजू जराशी जड राहिली असेल तर तिचा हिसकाही चौपट होतो. तो सगळा मार एका 12 मिलिमीटरच्या शाफ्टवर, म्हणजे ड्रम ज्याच्यावर फिरतो त्या दांड्यावर येतो. बॅटरी, मोटर, कंट्रोलर टीममधल्या मुलांकडे. ड्रम आणि शाफ्ट माझे, ड्रॉइंगपासून.

पहिल्या शेडमध्ये बाबा बरोबर होते. मी बेअरिंगचा नंबर सांगितला, 6001. त्या गृहस्थांनी बाबांकडे बघून विचारलं, "6001च ना, साहेब?" बाबा म्हणाले, "ती सांगतेय ना." तरी पुढचा प्रत्येक प्रश्न बाबांनाच. ड्रम हातात आला तेव्हा बेअरिंग त्याच्या जागेत खुळखुळत होतं. दुसऱ्याने EN24 चे, म्हणजे शाफ्टला लागतं त्या कणखर पोलादाचे पैसे घेतले आणि साधं MS, म्हणजे मऊ पोलाद दिलं. चाचणीच्या पेटीत पहिल्याच टोल्याला शाफ्ट वाकला. तिसऱ्याकडे मी टीममधल्या एका मुलाच्या स्कूटरवर बसून गेले. त्याला आत बोलावून खुर्ची दिली. मला सांगितलं, "ताई, तुम्ही बाहेरच थांबा, चीप उडतात." त्या मुलाला शाफ्टचा व्यासही ठाऊक नव्हता. तो बिचारा आतून मला विचारत होता आणि मी दारातून उत्तरं देत होते. शेवटी "खेळणी करायला वेळ नाही" म्हणून काम परत केलं. त्या दिवशी दांडिया बाजारातल्या घरापर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं आणि स्पर्धेला नऊ दिवस होते. तुम्ही कोण, कुठली, हे काही विचारलं नाहीत. वाकडा शाफ्ट घेतलात आणि ग्राइंडरला टेकवलात. "बघ, लांब सरळ रेघा. फुलं कुठायत?" मग रॅकमधला EN24 चा तुकडा टेकवलात. त्या ठिणग्यांना मध्येच फाटे फुटत होते, टोकाला बारीक बारीक फुलं उमलत होती. ती कार्बनमुळे, हे मी वाचलेलं होतं. डोळ्यांनी बघितलं ते त्या संध्याकाळी. मला कसं फसवलं गेलं हे तुम्ही एका मिनिटात दाखवलंत आणि त्या माणसाला एक वाईट शब्दही बोलला नाहीत.

नवीन शाफ्ट कसा वळवला, ड्रम कसा तोलून घेतला, ते सगळं सांगत बसत नाही. मला लिहायचंय ते त्यातल्या एका मिनिटाबद्दल.

शाफ्टवर शेवटचा हात मारायचा, म्हणजे शेवटचा पातळ थर कापायचा राहिला होता. तुम्ही मशीन थांबवलंत, टेबलाच्या खणातून लाकडी पेटी काढलीत, त्यातलं जाडी मोजायचं मायक्रोमीटर फडक्यानं पुसलंत आणि माझ्यापुढे धरलंत. "आकडा तू सांग."

मला वाटलं, शिकवायला म्हणून देताय, नंतर तुम्ही मोजालच. कॉलेजात तसंच असतं, आम्ही मोजतो आणि मग सर खरं मोजतात. माझे हात तेलकट होते. तुम्ही फडकं दिलंत. मी त्याच्या टोकाचं रॅचेट तीन वेळा टिकटिक होईपर्यंत फिरवलं, वाचलं, पुन्हा उघडून दुसऱ्या जागी मोजलं, तिसऱ्या जागीही मोजलं. तुम्ही घाई केली नाहीत, माझ्या खांद्यावरून डोकावलाही नाहीत. कंदिलाच्या काचा पुसाव्यात तसे तुम्ही शांतपणे तुमचा चष्मा पुसत होता. मी म्हणाले, "बारा पॉइंट झीरो टू."

"बारा पॉइंट झीरो टू," तुम्ही म्हणालात, खडूनं लेथच्या हेडस्टॉकवर तो आकडा लिहिलात आणि मशीन चालू केलंत.

पुन्हा मोजलं नाहीत, काका. माझ्या आकड्यावर हात मारलात. तो चुकला असता तर शाफ्ट गेला असता, तुमचा EN24 चा तुकडा गेला असता, दोन तास गेले असते. माझ्या पोटात गोळा आला होता. मग तुम्ही बेअरिंग माझ्या हातात दिलंत आणि ते नुसत्या अंगठ्यानं सरकत आत गेलं. हातोडी लागली नाही, खुळखुळलंही नाही. तुम्ही फक्त मान हलवलीत आणि पुढच्या कामाला लागलात. हेडस्टॉकवरचा तो खडूचा आकडा मी निघताना परत एकदा बघून घेतला.

पैसे पूर्ण घेतलेत तेही मला फार आवडलं. बिलावर नाव माझं होतं, बाबांचं नाही.

माझे आजोबा इथल्या बडोद्याच्या कला भवनात शिकलेले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते काढलं, हातात कसब असलेल्या माणसाला शास्त्रही यावं म्हणून, असं ते अभिमानानं सांगायचे. मला तेव्हा तो फक्त इतिहास वाटायचा. आता वाटतं, या गावात ते अजून मुरलेलं आहे, फक्त पाट्यांवर दिसत नाही. बेअरिंगच्या दुकानातल्या काकूंनी चार पाकिटं फोडून मला दोन्ही बाजूंनी झाकलेलं 6001 शोधून दिलं होतं. निघायच्या पहाटे रिक्षावाल्या दादांनी मुंगूसची पेटी स्टेशनात प्लॅटफॉर्मपर्यंत वाहून दिली, वर "जिंकून या" म्हणाले. अशी माणसं आपल्या आसपास भरपूर आहेत आणि ती समोरच्याला आधी माणूस म्हणून बघतात. मला एवढे दिवस ती दिसली नाहीत, कारण बाकीचे जोरात बोलत होते.

आता लढतींचं. दोन जिंकलो. दुसरीत मुंगूसनं एका 8 किलोच्याच रोबोला उलटा पाडला, तो परत उठला नाही. तिसरीत समोर आडवं पातं फिरवणारा रोबो होता. त्यानं आमचं डावं चाक तोडलं, मग एक कनेक्टर निसटला आणि मुंगूस जागेवरच थांबला. दहा आकडे मोजून झाले. मी रिंगणाबाहेर रडले, खोटं कशाला सांगू. पण पेटीत ठेवण्याआधी ड्रम हातानं फिरवून बघितला तर तो लोण्यासारखा फिरत होता.

परत आल्यावर शिष्यवृत्तीतून मी स्वतःचं मायक्रोमीटर घेतलं, 0 ते 25 मिलिमीटरचं. पहिल्यांदा त्याच शाफ्टला लावलं. तीन जागी मोजलं. 11.99, तिन्हीकडे. मधे कुठेही झिजलेला नाही.

ड्रमचा एक दात मात्र कोपऱ्याला उडालाय आणि नवीन ड्रम थोडा रुंद करायचा विचार आहे. ड्रॉइंग तयार आहे. शनिवारी संध्याकाळी शटर पडायच्या आत येऊ का? बाबा नसतील, मी एकटीच येईन.

तुमची,
मुंगूसवाली
दांडिया बाजार, बडोदा